फुटलेले दोन पंथ: आधी सामाईक काय उरलं ते लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कल्पित किनारी राज्याची कादंबरी लिहायला घेतली आहे. अर्णीपंथ हा तिथला जुना धर्म. अर्णी ही भरती-ओहोटीची देवी, आणि तिचे पुजारी म्हणजे दीपस्तंभांचे राखणदार. २४० वर्षांपूर्वी तेवण नावाचा एक राखणदार वेगळा झाला, त्याला मानणारे ते तेवणी. दोन्हींच्या देवकथा, प्रार्थना, चिन्हं मिळून ४० पानांचं टिपण तयार आहे. तरी वाचणाऱ्यांना हे दोन धर्म एकमेकांचे नातलग वाटत नाहीत, काहींना तर एक सज्जन आणि एक दुर्जन वाटतो. नायिका अर्णीपंथी आहे आणि तिचं लग्न तेवणी घरात ठरतं आहे. तर हे नातं रचायचं कसं?

ती ४० पानं फाडू नका, पण महिनाभर बाजूला ठेवा. त्यांत कोण काय मानतं ते आहे, आणि तुम्ही नातं तिथेच शोधता आहात. फुटलेल्या पंथांचं नातं मानण्यात फार थोडं असतं. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की घरं दोन होतात आणि विहीर एकच राहते. पुढची तीन पिढ्यांची भांडणं त्या विहिरीवर होतात, आणि दोन्ही घरांतल्या बायका रोज भेटतात त्याही तिथेच. म्हणून पहिलं काम हे, की दोघांत काय वाटलं गेलं नाही त्याची यादी करायची. पंचांग, मृतांचे दिवस, जुनी वास्तू आणि तिच्या किल्ल्या, दोघांनाही हवा असलेला एखादा पूज्य पुरुष, आणि सोयरीक. देवाचं स्वरूप दोघांत कसं वेगळं आहे हे सगळ्यात शेवटी लिहा. तोवर ते बरंचसं आपोआप ठरलेलं असेल.

मुंबईत बसून लिहिणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. वाटणी होऊनही एकाच गल्लीत राहणारे पंथ इथे जितके जवळून बघता येतात तितके फार थोड्या शहरांत दिसतील. पुढची बहुतेक उदाहरणं म्हणूनच इथली आहेत. ती जशीच्या तशी कादंबरीत उचलायची नाहीत. त्यांत कोणता खिळा कुठे ठोकला आहे तेवढं पाहायचं.

पंचांगापासून सुरुवात करा, कारण एवढा छोटा फरक दुसरा कुठलाच इतक्या घरांत शिरत नाही. सर्वांत सौम्य नमुना आपल्या भिंतीवरच असतो. काही महिन्यांत कॅलेंडरवर एकादशी दोनदा छापलेली दिसते, आज स्मार्त आणि उद्या भागवत. स्मार्त मंडळी सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते पाहतात. भागवत परंपरा त्याआधीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं, तपासते. त्या अरुणोदयाच्या वेळेत दशमीचा स्पर्श राहिला असेल तर ती एकादशी विद्ध धरून उपवास दुसऱ्या दिवशी. देव तोच, व्रत तेच, साबुदाण्याची खिचडी तीच, फरक एका दिवसाचा. यावरून कोणी कोणाशी बोलणं टाकत नाही. फुटीची सर्वांत हलकी मात्रा म्हणून हे ध्यानात ठेवा.

याहून जड मात्रा पारशांची. त्यांचं जुनं वर्ष ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी गाथांचे ५ दिवस, असं ३६५ दिवसांचं. लीपचा दिवस नाही, म्हणून हे वर्ष ऋतूंच्या मानाने चार वर्षांत एक दिवस आणि १२० वर्षांत एक महिना सरकतं. भारतात स्थायिक झालेल्या पारशांनी मध्ययुगात एकदा एक महिना जादा धरला, इराणातल्या बांधवांनी धरला नाही. १८व्या शतकात इराणहून सुरतेला आलेल्या एका दस्तुरांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ध्यानात आलं की दोन्हीकडच्या गणनेत नेमका एक महिन्याचा फरक आहे. १७४५ मध्ये काही सुरतकरांनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी झाले, बाकीचे शहेनशाही. मुंबईत चार आतश बहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरं, आहेत. त्यांतले दादीशेठ (१७८३) आणि बनाजी (१८४५) कदमी परंपरेचे, तर वाडिया (१८३०) आणि अंजुमन (१८९७) शहेनशाही. चारही धोबी तलाव, फणसवाडी, चर्नी रोड या टापूत, एकातून निघून दुसऱ्याकडे चालत जाता येईल इतके जवळ.

आता यातला खिळा पाहा. ग्रंथ तेच, अग्नी तितकाच पवित्र. पण प्रार्थनेत त्या दिवसाचा रोज आणि माह, म्हणजे दिवसाचं आणि महिन्याचं नाव, उच्चारावं लागतं, त्यामुळे गणनेतला फरक थेट विधीच्या शब्दांत उतरतो. मुक्ताद, म्हणजे दिवंगतांच्या फ्रवशींच्या (आत्म्यांच्या) स्वागताचे दिवस, वर्षाच्या अखेरीस येतात. कदमींचं नवं वर्ष जुलैच्या मध्यावर, शहेनशाहींचं ऑगस्टच्या मध्यावर. म्हणजे एका घरी पूर्वज येऊन गेले की महिन्याने ते शेजारच्या घरी येतात. तुमच्या वाचकाला २४० वर्षांचं अंतर जाणवून द्यायला हे एक वाक्य पुरतं, देवकथेची चार पानं लागत नाहीत.

तिसरा नमुना भेंडी बाजारातला. दाऊदी बोहरा हे शिया मुसलमान, आणि त्यांचं पंचांग गणिती आहे. ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं एका दिवसाने मोठी, हे आधीच ठरलेलं. चंद्र दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. आसपासच्या सुन्नी वस्तीत महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. त्यामुळे बोहरांचा रमजान आणि ईद साधारण एक-दोन दिवस आधी येतात. वरवर हा तारखेचा फरक. मुळात तो अधिकाराचा आहे: महिना लागला हे कोण सांगणार, डोळा की गणित? आणि गणित असेल तर ते कोणाच्या ताब्यात?

हे तुमच्या जगाला लावून पाहू. अर्णी भरतीची देवी, म्हणजे पंचांग चांद्र असणार. १२ चांद्र महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षाशी मेळ राखायला दर साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक अधिक महिना घालावा लागतो, १९ वर्षांत ७. तो कधी घालायचा हे राखणदार जाहीर करतात. आणि दीपस्तंभाच्या तेलाची पट्टी घरटी दर महिन्याला गोळा होत असेल, तर अधिक महिन्याच्या वर्षी लोक तेरा वेळा पट्टी भरतात. तुमची फूट इथे घाला. तेवण म्हणाला, हा तेरावा महिना देवीने दिलेला नाही, राखणदारांनी घुसवला आहे. एवढ्या एका वाक्यात श्रद्धेचा मुद्दाही आला आणि पैशाचाही. दोन्ही लागतात. नुसत्या तत्त्वावर फुटलेला पंथ कागदी वाटतो, आणि नुसत्या पैशावर फुटलेला असेल तर दुसऱ्या पिढीत तडजोड होऊन मिटायला हवा.

पुढचं गणित करून ठेवा. ते केलं नाही तर पाचव्या प्रकरणात अडकाल. तेवणींनी अधिक महिना सोडला की त्यांचे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साडेबत्तीस सौर वर्षांत सगळे ऋतू फिरून जागेवर येतात. २४० वर्षांत अर्णीपंथाने ८८ अधिक महिने घातले. म्हणजे अर्णीपंथी म्हणणार फूट पडून २४० वर्षं झाली, तेवणी म्हणणार २४७ वर्षं आणि वर चार महिने. राज्याच्या दस्तऐवजांवर दोन्ही वर्षं लिहावी लागतील आणि सावकाराच्या व्याजाचे दर वर्षाला दोन हिशेब होतील. कथा २४० व्या वर्षी ठेवलीत तर दोघांच्या एकाच सणात चार महिन्यांचं अंतर पडतं. दोन्ही उत्सव एकाच रात्री, एकाच किनाऱ्यावर यायला हवे असतील तर कथा २२८ किंवा २६१ च्या सुमारास न्या. अशी गाठ दर पिढीत जेमतेम एकदाच पडते, म्हणजे ती आधी पाहिलेली म्हातारी माणसं त्या वेळी हयात असतात. कादंबरीला यापेक्षा सोयीचं वर्ष मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट इथून निघते. होड्या पाण्यात लोटण्याचा सण ऋतूला बांधलेला असतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमा श्रावणातच येते, अधिक महिन्यामुळेच ती पावसाच्या उतरत्या काळाला धरून राहते. तेवणींचा तोच सण काही वर्षं भर वादळात येणार. तेव्हा ते काय करतात? परातीत पाणी घेऊन हातभर लाकडी होडी तरंगवत असतील. सात वेळा ऋतूचक्र फिरल्यावर ती परातच त्यांचा मुख्य विधी झालेली असेल आणि समुद्रावर जाणं मागे पडलं असेल. अर्णीपंथी त्यांना टोमणा मारतात तो या परातीवरून, देवावरून नव्हे.

सामाईक पुरुषाकडे वळू. इथे नवखे लेखक हमखास एक चूक करतात: जुना धर्म फुटलेल्या पुरुषाला खलनायक ठरवतो असं धरून चालतात. तसं होतंही, पण बरेचदा जुना धर्म त्याला पोटात घेतो. बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याची परंपरा हे आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण. आणि म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, असं स्पष्ट सांगणारी प्रतिज्ञा आहे. जुनं घर जिथे प्रेमाने सामावून घेतं तिथे नव्या घराला दार लावून घ्यावं लागतं, नाहीतर त्याचं वेगळेपण शिल्लक राहत नाही. तुमच्या तेवणींच्या दीक्षाविधीत असं एक नकाराचं वाक्य हवं. ते ऐकणाऱ्या अर्णीपंथी माणसाला लागलंही पाहिजे, कारण त्याच्या मते तो तेवणाला मानच देत होता.

दुसरी तऱ्हा महानुभावांची. १३व्या शतकात चक्रधरस्वामींपासून वाढलेला हा पंथ पंचकृष्ण मानतो आणि त्या पाचांत दत्तात्रेय आहेत. पण महानुभावांचा दत्त एकमुखी. गाणगापूर, नरसोबावाडीच्या परंपरेतला आपल्या परिचयाचा दत्त त्रिमुखी. नाव एक, मूर्ती पाहताक्षणी घर ओळखू येतं. कादंबरीत अशा खुणा फार उपयोगी, कारण पात्राला काही समजावून सांगावं लागत नाही. अर्णीपंथी चित्रात तेवणाच्या हातात दिवा आहे आणि तो देवीच्या डावीकडे उभा आहे. तेवणी चित्रात देवी नाहीच, आणि त्याने दिवा जमिनीवर ठेवला आहे. बास. तेवणाच्या आयुष्यातले सहा प्रसंग निवडा. तीन दोन्हीकडे शब्दशः सारखे ठेवा, दोनांत घटना तीच पण हेतू वेगळा, आणि एक फक्त तेवणींकडेच. सहाही वेगळे केलेत की तो एक माणूस राहत नाही आणि नातं तुटतं.

वास्तू हा या सगळ्यात सर्वांत दाट भाग आहे. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर पाहा. श्वेतांबर आणि दिगंबर दोघांनाही ते पूज्य. १९०५ मध्ये दोघांच्या पूजेच्या पाळ्यांचं वेळापत्रक ठरलं. पुढे वाद पेटला तो मूर्तीच्या लेपावर. लेप देताना कटिसूत्र (करदोटा) आणि कछोट्याच्या (लंगोटाच्या) रेषा उमटवल्या तर मूर्ती श्वेतांबर, त्या नसल्या तर दिगंबर. काही रेषांचा प्रश्न १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं ते २०२३ मध्ये उघडलं. या वादात कोणीही पार्श्वनाथांना नाकारलेलं नाही, उलट दोघांनाही ते तितकेच हवे होते.

मुंबईतलं उदाहरण याहून बोलकं, कारण तिथे तर शिकवणीत काडीचाही फरक नव्हता. इथल्या कॅथलिकांवर दोन अधिकार चालत, एक पोर्तुगालच्या राजाश्रयाचा पाद्रुआदो आणि दुसरा रोमच्या प्रोपगंडाचा, म्हणजे धर्मप्रसार खात्याचा. १७९४ मध्ये चर्च वाटली गेली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्व्हेशन पाद्रुआदोकडे, एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकेल प्रोपगंडाकडे. पोप तोच, मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) तीच, संत तेच. तरी १८५३ मध्ये माहीमच्या लोकांनी बाजू बदलायची ठरवली तेव्हा बिशप हार्टमन चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि बाहेरच्यांनी वेढा घातला. हा दुहेरी अधिकार १९२८ मध्ये संपला. पाद्री नेमायचा कोणी, एवढ्या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं कशी जातात हे यावरून दिसतं.

तुमच्या जगात खुरण बेटावरचा मूळ दीपस्तंभ दोघांचाही आहे असं धरा. पाळ्या घड्याळाने लावू नका, पाण्याने लावा: पाणी चढत असेल तेव्हा अर्णीपंथी आत, उतरत असेल तेव्हा तेवणी. भरती ते ओहोटी साधारण सहा तास बारा मिनिटं, आणि चक्र रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जातं. त्यामुळे संध्याकाळचा दिवा लावण्याची वेळ साधारण सात दिवस एकाच्या पाळीत येते, मग सात दिवस दुसऱ्याच्या. व्यवस्था आपोआप न्याय्य आहे, कोणी बेईमानी करू शकत नाही. पण एक अडचण उरते, आणि तीच तुमची कथा. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-साडेबाराच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा-साडेसहाला. खुरणचं पाणी मुंबईसारखं ठेवलंत तर उधाणाच्या दिवसांत, ऐन पौर्णिमेच्या उत्सवाला, पाणी पालटण्याचा क्षण आणि सूर्यास्त एकावर एक येतात. दिवा लावायचा हक्क कोणाचा, हे त्या पंधरा मिनिटांत पाणी थांबलं की अजून उतरतं आहे यावर ठरणार. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांतही पाणी सूर्यास्ताच्या सुमारास पालटतं, पण तेव्हा उत्सव नसतो. मधल्या दिवसांत तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून इतर वेळी सगळे गुण्यागोविंदाने नांदतात.

मग पाणी पालटलं हे सांगणारा कोणीतरी हवा, दोघांपैकी कोणाचाही नसलेला. खडकात रोवलेल्या खुणेच्या खांबाशी उभं राहून तो हाक देतो. त्याचं मानधन दोघं निम्मं निम्मं देतात. त्याला कोणी फितवलं, तो आजारी पडला, त्याची मुलगी एका बाजूच्या घरात दिली, यातली कोणतीही गोष्ट पुरेशी आहे. शिवाय तेल कोणाचं, वात कोण कातरतो, काचेवरची काजळी कोणाच्या पाळीत पुसायची, पायऱ्यांवरचं शेवाळ कोण खरवडतो, हेही लिहून ठेवा. काजळी पुसणं हे हलकं काम मानलं गेलं तर प्रत्येक पाळीवाला ते पुढच्यावर ढकलणार आणि काच काळी होत जाणार. ती पुसली तर मालकी सिद्ध होते असं मानलं गेलं, तर दोघंही पुसायला धावणार आणि एकमेकांना अडवणार. या दोनांतलं एक आजच ठरवा.

सोयरिकीच्या बाबतीत मुंबईतल्या ज्यूंचा इतिहास मार्गदर्शक आहे. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतकं राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे, मराठी बोलणारे, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशा आडनावांचे. त्यांचं शार हारहामीम हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, मांडवीत १७९६ पासून आहे. १९व्या शतकात बगदादी ज्यू आले, ससूनांसारखी श्रीमंत घराणी त्यांतली. ग्रंथ एक, शब्बाथ (शनिवारचा विश्रामाचा दिवस) एक. तरी बगदाद्यांनी दफनभूमीत वेगळी जागा मागितली. आणि १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या विवाहांवर शंका घेतल्या गेल्या, त्या श्रद्धेवरून नव्हत्या. पूर्वजांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का, हा प्रश्न होता. १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. तुमच्या नायिकेच्या लग्नातही सासरचा आक्षेप देवीवरचा नसावा. तिच्या पणजीचं लग्न अधिक महिन्यात लागलं होतं, आणि तो महिनाच तेवणी मानत नाहीत, मग ते लग्न लग्न होतं का, असा असावा. हा आक्षेप खोडायला तत्त्वज्ञान चालत नाही. जुनी वही काढावी लागते, साक्षीदार शोधावे लागतात, आणि प्रकरणं त्यातूनच पुढे जातात.

राज्यसत्तेबद्दल थोडंच सांगतो, पण विसरू नका. पंथ वेगळा आहे हे बरेचदा पंथ ठरवतच नाही. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात आगाखान खटला चालला. वाद खोजा जमातीच्या मालमत्तेचा आणि तिच्यावरच्या अधिकाराचा होता, पण निकाल द्यायला न्यायमूर्ती अर्नोल्ड यांना खोजांचा धर्म मुळात कोणता हे ठरवावं लागलं, आणि त्यांच्या गिनानांची, म्हणजे भक्तिगीतांची, चिकित्सा कोर्टात झाली. १८७२ च्या विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे नाही असं लिहून द्यावं लागे. बंगालमधल्या सुधारक ब्राह्मो मंडळींच्या खटपटीतून आलेल्या या कायद्याने त्यांच्यातल्या अनेकांना रेघेपलीकडे नेलं. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज मात्र तुकोबांचे अभंग गात हिंदू समाजातच राहिला. सुधारणा जवळपास सारखीच, शेवट वेगळा. तुमच्या राजाने कधीतरी कर बसवताना किंवा शिरगणती करताना प्रत्येकाला एकच रकाना निवडायला लावला असेल. ते वर्ष ठरवा. त्याआधीची माणसं दोन्हीकडे जात, त्यानंतरची लाजू लागली.

दोन्हीकडे जाणारे हवेतच. वांद्र्याच्या माउंट मेरीला ८ सप्टेंबरच्या पुढच्या रविवारपासून जत्रा भरते, तेव्हा मेणाचे हात, पाय, घर वाहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही कितीतरी असतात. त्यांना धर्म बदलायचा नसतो, नवस फेडायचा असतो. तुमच्याकडे मिठागरातले मजूर, तांडेल, सुईणी असे लोक दोन्ही दिवे लावतील. आणि वाती विकणारी बाई एकाच टोपलीत दोन्ही पंथांच्या वाती ठेवेल, सात पदरी आणि पाच पदरी. असे लोक नसले की दोन पंथ दोन फौजा दिसतात. सज्जन-दुर्जनाचा घोळ बराचसा इथूनच होतो.

बाकीचा घोळ आरशामुळे होतो. एकाकडे दिवा तर दुसऱ्याकडे अंधार, एक कर्मठ तर दुसरा उदार, असं उलटसुलट मांडू नका. फुटलेला पंथ जुन्याच्या दहा गोष्टींपैकी आठ न विचारता घेऊन निघतो, त्याला त्या धर्माच्या वाटतच नाहीत, त्या फक्त रीत असतात. एखाद्या रीतीत तो जुन्यापेक्षाही कडक असतो. तेवणी अधिक महिना मानत नाहीत पण समुद्राकडे पाय करून झोपणं अर्णीपंथीयांपेक्षा जास्त निषिद्ध मानतात, असं काहीतरी. शिवाय तेवणी आत एकजिनसी नसावेत. वादळी दक्षिणेकडच्या तेवणींनी ६०-७० वर्षांपूर्वी ऋतूशी जुळवून घेण्यासाठी अधिक महिना गुपचूप परत आणला असेल, पारशांत २०व्या शतकाच्या सुरुवातीला २१ मार्च धरणारी फसली गणना आली तसा. उत्तरेकडचे त्यांना अर्धे अर्णीपंथी म्हणतील.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सामाईक गोष्टींची यादी, एक पान. मग फुटीचं वर्ष आणि तेराव्या पट्टीची हकिकत, एक पान, त्यात तीन खरी नावं आणि एक रक्कम. मग दोन पंचांगांचा तक्ता, कथा घडते त्या वर्षाचा आणि आधीच्या तीन वर्षांचा, सणांच्या दिवसांसह. हा तक्ता कंटाळवाणा आहे, पण तो टाळलात तर पुढे प्रत्येक प्रकरणात चूक निघेल. त्यानंतर खुरणच्या पाळ्या. मग तेवणाचे सहा प्रसंग. एवढं झाल्यावर ती ४० पानं उघडा आणि जे या पानांशी भांडतं ते खोडा. निम्मं खोडावं लागेल.

लग्नाच्या प्रकरणासाठी एक धागा सुचवतो. नायिकेची आई अधिक महिन्यात वारलेली असू द्या. आपल्याकडे अशा वेळी पुढचं वर्षश्राद्ध त्याच नावाच्या शुद्ध महिन्यात करतात, अर्णीपंथाचाही नियम तसाच ठेवा. तेवणींच्या लेखी त्या रात्रीच्या महिन्याला वेगळंच नाव आहे, आणि आईचा दिवस दरवर्षी ११ दिवस अलीकडे येतो, तीन वर्षांत एका महिन्याहून जास्त. सासूबाई वाईट नाहीत. त्या विचारतात, तुझ्या आईचा दिवा आपल्याकडे कधी लावायचा? नायिका एक तारीख सांगते, सासूबाई बोटं मोजून दुसरी सांगतात, आणि दोघींचंही बरोबर असतं. हा प्रसंग लिहिण्याआधी तक्त्यात दोन्ही तारखा पक्क्या करून घ्या, आणि त्या दोन तारखांना खुरणला संध्याकाळी पाणी चढतं आहे की उतरतं आहे तेही बघून ठेवा.